दुसऱ्या फेरीचे प्रवासी

चार दिवसांची सहल संपायच्या आदल्या दुपारी आमच्या केबिनच्या दारात एक कागद खोचलेला दिसला. इंग्रजी मला वाचता येतं, पण सावकाश. जिल्हा परिषदेच्या शाळांतून उभा जन्म मराठी आणि गणित शिकवण्यात गेला. इंग्रजीशी गाठ पडायची ती परिपत्रकांपुरती. पलंगावर बसून ओळीखाली बोट धरून मी तो कागद वाचला. उद्या सकाळी बोट सिंगापूरला लागेल, सगळे प्रवासी उतरतील आणि संध्याकाळी हीच बोट नवे प्रवासी घेऊन पुन्हा त्याच वाटेनं निघेल. जे दोन्ही फेऱ्यांना आहेत त्यांनी काय करायचं ते खाली लिहिलं होतं. केबिन बदलणार असेल तर सामान बांधून पलंगावर ठेवा, हँगरवरचे कपडे तसेच असू द्या, आमचे लोक नेतील. दहा वाजता पासपोर्ट घेऊन पाचव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जमा. जुनं कार्ड द्या, नवं घ्या. बोटीवर एकही प्रवासी उरला नाही याची खात्री होईपर्यंत कुणालाही परत चढता येणार नाही.

"आपली केबिन बदलणार हाय म्हणं," मी ह्यांना म्हटलं.

"चांगली हाय की ही. समुद्र दिसून राहिला. कशाला बदलतेत?"

"तिकिटं त्यानं काढली. त्याला विचारा."

हे म्हणजे माझा नवरा. मूळचे हदगावकडच्या एका खेड्यातले, नांदेडला रेल्वेच्या विभागीय ऑफिसात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. आणि तिकिटं काढणारा तो म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा. बारा वर्षं झाली, सिंगापूरला आहे. तिथंच लग्न केलं, कोल्हापूरकडच्या मुलीशी, कचेरीत सह्या करून. आम्हाला नंतर फोटो आले. नात आता नऊ वर्षांची आहे.

आम्ही पहिल्यांदाच त्याच्याकडे गेलो होतो. त्यानं नवीन फ्लॅट घेतला होता म्हणून बोलावलं होतं. जायच्या आधीच त्यानं फोनवर सांगितलं, "आई, तुम्हाला क्रूझला नेणार आहे. चार दिवस आपण सगळे मिळून, आणि पुढचे चार दिवस तुम्ही दोघंच. मला सुट्टी नाही, पण तुम्ही आराम करा. जन्मभर राबलात."

मी हुरळून गेले. नांदेडला आमच्या कॉलनीत एकही घर ठेवलं नाही जिथं मी हे सांगितलं नाही. लातूरच्या बहिणीला फोन करून सांगितलं. बुद्धविहारात बायका म्हणाल्या, "बाई, नशीब काढलं." साडीवर चालतील असे बूट घेतले, दोन पंजाबी ड्रेस शिवले, आयुष्यात पहिल्यांदा. हे एवढंच म्हणाले होते, "तेच पाणी दोनदा कशाला बघायचं?" मला राग आला होता. मी म्हटलं होतं, "तुम्हाला लेकराचं कौतुकच न्हाई." 

पहिले चार दिवस खरंच बरे गेले. पेनांग बघितलं, फुकेत बघितलं. नात माझ्या मांडीवर बसून पोहण्याच्या तलावाकडे बघायची आणि तिच्या तुटक्या मराठीत शाळेच्या गोष्टी सांगायची. सून बोलायला वाईट नाही. "आई, हे घ्या, आई, ते खाऊन बघा," असं करायची. ती कधी तोंडावर लावून बोलली नाही, हे मला सांगायलाच हवं. जेवणाच्या हॉलमध्ये भारतीय पदार्थांचा वेगळा भाग होता, तिथं एकदा एक मराठी कुटुंब भेटलं, मुलाच्या ओळखीचं. त्या बाईंनी ह्यांना विचारलं, "आपण कुठले?" हे म्हणाले, "नांदेडचे." बाई म्हणाल्या, "अहो, पण तुमच्या चिरंजीवांचं आडनाव तर..." मुलगा एकदम मधे पडला आणि म्हणाला, "बाबा, तिकडे गरम पुऱ्या काढल्यात, चला लवकर." ह्यांच्या दंडाला धरून घेऊन गेला. मी बाईंकडे बघून हसले.

आडनावाचं असं आहे की मुलानं ते नोकरीला लागायच्या आधीच बदलून घेतलं होतं. आमच्या आडनावावरून माणूस कोण ते मराठवाड्यात लगेच कळतं. त्यानं भलत्याच एका गावाच्या नावावरून दुसरं केलं. कागदावर बापाची सही लागत होती. ह्यांनी केली. सही करून पेन खिशाला लावलं आणि चार दिवस जेवताना कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ऑफिसातून येताना त्याच्यासाठी नवी बॅग घेऊन आले.

बोट लागली ती सकाळ. सात वाजताच बोटीभर घोषणा सुरू झाल्या. लिफ्टपुढे रांगा, जिन्यावर माणसं, पोरं रडतायत, कुणाची चप्पल राहिली म्हणून कुणी उलटं पळतंय. एसटी स्टँडवर दिवाळीच्या आधी असते तशी गर्दी. आम्ही सगळे शेवटचं म्हणून नाश्त्याला एकत्र बसलो. हे पपई आणायला उठले. मुलगा आणि सून सामानाचं बघायला दोन पावलं पलीकडे गेले. नात माझ्या शेजारी बसून दुधात बिस्कीट बुडवत होती.

"आजी," ती म्हणाली, "तुला बोट इतकी आवडली?"

"आवडली की. का गं?"

"आई म्हणाली, आजीआजोबांना बोट फार आवडली, म्हणून ते पूजेला येणार नाहीत. संडेला आपल्या नव्या घराची पूजा आहे. खूप लोक येणार. कोल्हापूरचे आजीआजोबा बसणार आहेत पूजेला. तुमच्या रूममध्ये सगळं ठेवणार."

 तिचं बिस्कीट तुटून दुधात पडलं, ते ती चमच्यानं शोधायला लागली.

वास्तुशांत. नव्या घराची वास्तुशांत ठेवली होती आणि त्या दिवशी आम्ही समुद्रात असणार होतो. तिकिटं तीन महिन्यांपूर्वीच काढलेली होती. म्हणजे तारीख धरून काढलेली. मला कळायला फार वेळ लागला नाही. जन्मभर गणितच शिकवलं होतं.

मुलगा परत आला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं नातीकडे बघितलं आणि त्यालाही कळलं की मला कळलं. "आई, आपण घरी आल्यावर बोलू," तो हळूच म्हणाला. हे पपईची प्लेट घेऊन आले तेव्हा आम्ही दोघं हसत होतो. ह्यांनी पपईच्या फोडी नातीच्या प्लेटीत घातल्या.

नवाच्या आसपास ते तिघं उतरले. नात जाताना माझ्या गळ्यात पडली. सून पाया पडली, ह्यांच्याही पडली. मुलानं ह्यांच्या खिशात कागद ठेवला, त्यावर फोन नंबर, केबिनचा नंबर, सगळं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. "बाबा, काही लागलं तर खाली काउंटरवर सांगा. लाजू नका."

ते गेल्यावर आम्ही केबिनमध्ये आलो. कॉरिडॉरमधून चालता येत नव्हतं. प्रत्येक दार सताड उघडं, दारापुढे चादरींचे ढीग, टॉवेलांचे ढीग, उलट्या केलेल्या गाद्या. साफसफाईची माणसं धावत कामं करत होती. त्यांना दुपारच्या आत हजारो पलंग पुन्हा घालायचे होते. कालपर्यंत वाकून नमस्कार करणारी तीच माणसं आज आमच्याकडे बघतही नव्हती, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आम्ही मधे आलेलं सामान होतो. एकानं ट्रॉली थांबवून विचारलं, अजून उतरला नाहीत का? मी कार्ड दाखवलं, म्हटलं, आम्ही राहणारे आहोत. तो हसला आणि बाजूला झाला.

मी बॅग भरत होते. हे खिडकीपाशी बसून खालचा धक्का बघत होते. खाली पिवळ्या जाकिटातली माणसं मोठमोठ्या जाळ्यांतून सामान उतरवत होती, दुसऱ्या बाजूनं भाजीची खोकी चढत होती. ह्यांना असलं काम बघायला फार आवडतं. मालगाड्यांची चढउतार त्यांनी जन्मभर कागदावर बघितली. "बघ, केवढी बिगी बिगी करून राहिलेत," ते म्हणाले. मी म्हटलं, "हाव." माझ्या हातातल्या ब्लाऊजची मी तीन वेळा घडी घातली. सांगावं की नको, सांगितलं तर ह्यांचं काय होईल, याच्यापलीकडे डोकं जात नव्हतं.

दहाला आम्ही पाचव्या मजल्यावर गेलो. जिथं रोज नाचगाणी चालायची त्या हॉलमध्ये दुसऱ्या फेरीचे जेमतेम पन्नासएक लोक जमले होते. बहुतेक गोरी म्हातारी जोडपी, हौसेनं दोन दोन फेऱ्या करणारी. एकमेकांना ओळखत होती, टाळ्या देत होती. एका बाईनं मला सांगितलं की हा दिवस तिला सगळ्यात आवडतो, बोट आपल्या एकट्याची असल्यासारखी वाटते. मी मान हलवली. आमची जुनी कार्डं घेतली, नवी दिली, आणि सगळ्यांना रांगेनं खाली नेलं. बाहेर पडलो, लांबच लांब कठड्याच्या वाटेनं टर्मिनलमध्ये गेलो. पासपोर्ट बघून झाले आणि आम्हाला एका कोपऱ्यात दोरी लावून खुर्च्यांवर बसवलं. बोट रिकामी झाल्याची खबर वरून आली की परत नेणार होते. दोरीच्या पलीकडे काचेचा दरवाजा आणि दरवाजाच्या पलीकडे टॅक्सींची रांग. कुणी अडवलेलं नव्हतं. उठून गेलो असतो तर वीस मिनिटांत मुलाच्या दारात उभे राहिलो असतो.

हे संडासला गेले आणि माझा फोन वाजला. मुलगा.

"आई, बाबा जवळ आहेत का?"

"न्हाईत."

"आई, हे बघ. तुला राग आला असणार. पण माझी अडचण समजून घे. तिच्या आईवडिलांना माहीत आहे सगळं, त्यांना काही वाटत नाही. पण त्यांचे नातेवाईक येणार आहेत, माझ्या ऑफिसचे लोक आहेत, मराठी मंडळाचे लोक आहेत. इथलं सगळं जग तेवढंच आहे गं आम्हाला. बाबांना कुणी विचारलं की ते सरळ सांगून टाकतात. फोन उचलला की मोठ्यानं जयभीम म्हणतात. त्यांना खोटं बोलता येत नाही, मी काय करू?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला यायचं असेल तर तू ये," तो म्हणाला. "बाबांना सांग, तुला बोट लागतेय, चक्कर येतेय. ते राहतील चार दिवस एकटे, त्यांना समुद्र आवडतो. मी टॅक्सी पाठवतो. तुझी काळजी नाही मला, आई. तुला जमतं."

तुला जमतं. हे तो चिडून किंवा टोचून म्हणाला असता तर मी ऐकून सोडून दिलं असतं. तो कौतुकानं म्हणाला.

कारण त्यानं मला ते करताना बघितलं होतं. तो पाच वर्षांचा होता तेव्हा माझी बदली लातूर जिल्ह्यात झाली, शिरूर अनंतपाळजवळच्या शाळेवर. हे नांदेडला, मी लेकराला घेऊन तिकडे. खोली शोधत होते. एका घरी मालकीणबाई चांगल्या होत्या, चहा दिला, लेकराच्या हातावर गूळ ठेवला आणि मग विचारलं, "बाई, तुम्ही कोणाच्यातले?" त्या दिवशी मी तीन घरं फिरून आले होते. तिन्ही घरांत खरं सांगितलं होतं आणि तिन्ही ठिकाणी खोली आत्ताच दिल्याचं ऐकलं होतं. मी दुसरंच काहीतरी सांगितलं. लेकरू माझं बोट धरून उभं होतं आणि माझ्या तोंडाकडे बघत होतं. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "कुणी विचारलं तर सांगायचं, मला माहीत न्हाई." भिंतीवर लावायचा फोटो ट्रंकेत ठेवला. तीन वर्षं ठेवला.

हे शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं की इथं कुणाशी बोलू नका. तीन वर्षं ते खाली मान घालून आले आणि गेले. मग एका रविवारी सकाळी मालक अंगणात बसले होते, त्यांनी सहज विचारलं आणि ह्यांनी सहज सांगितलं. मला नंतर म्हणाले, "माणसानं तोंडावर विचारलं. काय सांगू मग?" आठ दिवसांत खोली सोडावी लागली. मालकांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणाले, भाचा यायचाय, त्याला खोली पाहिजे. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. टेम्पोत सामान चढवताना त्याच्या शेजारच्या दोस्ताला दोस्ताच्या आईनं हाताला धरून आत नेलं. हा टेम्पोत गाद्यांवर बसून रडला. मला म्हणाला, "बाबांनी कशाला सांगितलं?"

 मनातून मलाही ह्यांचाच राग आला होता. तो राग लेकरानं माझ्या तोंडावर वाचला असेल. आईच्या खोट्यानं घर राहिलं आणि बापाच्या खऱ्यानं गेलं, एवढं तो आठव्या वर्षी शिकला. मी शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना काय काय शिकवलं ते आता आठवतही नाही. माझ्या पोराला शिकवलेलं मात्र पक्कं बसलं.

"आई, ऐकतेस ना?" फोनवर तो विचारत होता.

"मी बोटीवर जाते," मी म्हटलं आणि फोन बंद केला.

मान वर केली तर हे दोरीपाशी उभे होते. कधी आले होते माहीत नाही. शेजारी बसले, रुमालानं हात पुसले.

"जायचं व्हतं तर जा," ते म्हणाले. "मी राहतो बोटीवर. मला काय होतंय?"

"कुठं जायचं?"

"परवा वास्तुशांत हाय ना त्याची."

 "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? आपण त्याच्या घरी उतरलो ना, दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर पत्रिका पडली व्हती. वाचली. आपलं नाव न्हाई तिच्यात. सुनेच्या आईबापाचं हाय."

"मग मला बोलला का न्हाईत?"

"तू लई खुश व्हतीस," ते म्हणाले. "खामखा कशाला?"

म्हणजे पहिले चारही दिवस त्यांना ठाऊक होतं. पेनांगला नातीचा हात धरून देवळाच्या पायऱ्या चढताना, मुलाच्या फोनपुढे उभं राहून हसताना, त्या बाईसमोरून पुऱ्यांकडे ओढून नेलं तेव्हाही. मी तिथं दोरीच्या आत बसून रडले. समोरची गोरी बाई विचारायला लागली, बरं वाटत नाही का. ह्यांनी तिला त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, "सी सिकनेस." बोट धक्क्याला बांधलेली होती आणि आम्ही जमिनीवर होतो. बाई तरी मला पिशवीतून आल्याची गोळी देऊन गेली.

अकराच्या पुढे कुणीतरी येऊन सांगितलं की बोट रिकामी झाली. पन्नासएक लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही रांगेत उभे राहून परत चढलो. दारात स्वागताला मुली उभ्या होत्या, त्यांनी आमच्याही हातांवर जंतुनाशकाचा फवारा मारला, हात पुसायला कागद दिले आणि म्हटलं, आमच्या बोटीवर तुमचं स्वागत आहे. नवीन केबिन आतल्या बाजूची होती, खिडकी नसलेली. मुलानं दुसऱ्या फेरीला ती घेतली होती. पलंगावर आमच्या बॅगा नीट ठेवलेल्या होत्या, कपाटात माझे दोन पंजाबी ड्रेस आणि ह्यांचा पांढरा शर्ट हँगरसकट अडकवलेला होता. काही चुकलं नव्हतं. चार वाजता धोक्याचा भोंगा वाजला, मागच्या वेळेसारखंच सगळ्यांना जमवून केशरी जाकीट कसं घालायचं ते दाखवलं. नवीन आलेली माणसं फोटो काढत होती.

दुसऱ्या फेरीत आम्ही पेनांगला उतरलो नाही. जेवायला जायचो, डेकवर एक फेरी मारायचो आणि परत त्या खोलीत. दिवा बंद केला की दिवस की रात्र ते कळायचं नाही. आम्ही एकमेकांशी फार बोललो नाही. मला बोलायचं होतं, पण तोंड उघडलं तर शिव्याच निघतील असं वाटायचं, आणि कुणाला, ते ठरत नव्हतं.

रविवारी सकाळी ह्यांनी अंघोळ केली आणि पांढरा शर्ट घातला. मी विचारलं, "कुठं?" पलंगाच्या कडेला बसले, हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्यानं त्रिशरण म्हणायला लागले. मग पंचशील. विहारात म्हणतात तसं, ठासून. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. त्यावर ते अडले नाहीत, आवाजही बदलला नाही. पंचशील झालं तसं म्हणाले, "लेकराच्या नव्या घरात सगळे सुखानं राहोत." मला म्हणाले, "तू पण म्हण." मी म्हटलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझ्याच्यानं त्या दिवशी त्याच्या घराचं भलं चिंतणं झालं नाही. ते मी आजही लपवत नाही.

मंगळवारी उतरलो. मुलगा घ्यायला आला होता. घरी दाराला आंब्याच्या पानांचं तोरण होतं, पानं वाळली होती. आमच्या खोलीत होमाचा वास होता आणि फरशीवर हळदीचा एक डाग. सुनेनं विचारलं, "बाबा, शिरा ठेवलाय, गरम करू का?" हे म्हणाले, "कर की." वाटीभर खाल्ला. "चांगला झालाय," म्हणाले. मी खाल्ला नाही, पोटाचं कारण सांगितलं. मुलगा म्हणाला होता, घरी आल्यावर बोलू. तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही. दोन दिवसांनी हैदराबादच्या विमानात बसवून दिलं.

नांदेडला आल्यावर लोक भेटायला आले. विहारात सगळ्यांनी ह्यांना घेरलं. घर कसं आहे, घरभरणी कशी झाली. मी चपला काढत होते, तिथंच थांबले. हे सांगायला लागले. घर अकराव्या मजल्यावर, समुद्र दिसतो. शंभर माणूस होतं. लेकानं आम्हाला पुढे बसवलं, सगळ्यांची ओळख करून दिली, हे माझे आईवडील म्हणून. सगळे पाया पडले. कुणीतरी विचारलं, "वंदना घेतली का?" हे म्हणाले, "हाव, मीच घेतली." माणसं खुश झाली. मी खाली बघून चपला नीट लावत राहिले. त्यांच्या तोंडून असलं मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. एकदाही अडखळले नाहीत.

यानंतर दर रविवारी फोन यायचा. मी खुशाली विचारायची, हे नातीशी बोलायचे. असेच सहा-सात महिने गेले.

मग एका रविवारी नातच एकटी फोनवर आली. शाळेत घराण्याची माहिती लिहून न्यायची होती. आजोबांचे वडील कोण, काय करायचे, कुठं राहायचे. तिनं बाबाला विचारलं तर तो म्हणाला, शेतकरी होते असं लिही. "पण आजी, नीट सांग ना," ती म्हणाली. "टीचर म्हणाल्या, ग्रँडपेरेंट्सना विचारा."

हे भाजी आणायला गेले होते. मी खुर्ची ओढून बसले आणि तिला सगळं सांगितलं. तिच्या पणज्याकडे गुंठाभरसुद्धा रान नव्हतं, तो गावातली मेलेली जनावरं ओढून न्यायचा आणि एक दिवस त्यानं ते काम सोडलं. गावानं त्याचं पाणी तोडलं. त्यानं दीक्षा घेतली, घरातले जुने देव काढले. तिचे आजोबा शाळेत दाराबाहेर बसून शिकले. आमचं आडनाव काय आहे ते तिला पहिल्यांदा सांगितलं, अक्षर अक्षर फोडून लिहायला लावलं. ती शांतपणे लिहून घेत होती. मधे मधे स्पेलिंग विचारत होती.

"मग बाबाचं नाव वेगळं का आहे?"

"ते तू बाबाला विचार," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला.  "आई, नऊ वर्षांची आहे ती. काय गरज होती? वर्गात आमच्या ओळखीच्यांची मुलं आहेत."

"खरं सांगितलं."

"तू कधीपासून खरं सांगायला लागलीस?" तो म्हणाला.

ते मला लागलं. लागावं म्हणूनच म्हणाला तो. मी फोन ठेवून दिला.

त्याला आता पाच रविवार झाले. फोन येत नाही. मी लावला तर वाजून बंद होतो. नातीनं ती माहिती वर्गात नेली की नेऊ दिली नाही, मला माहीत नाही. माझी चूक झाली असं मला वाटत नाही. पण पोरीचा आवाज कानावर नाही, आणि हे दर रविवारी अकरापासून फोन मांडीवर घेऊन बसतात. विचारतात, "आजारी बिजारी पडली का काय ती? तुला काही बोलला का तो?"

मी म्हणते, "कामात असंल." का येत नाही ते मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.